धंदा शोधणाऱ्या कंपनीचा ताळेबंद

शेल कंपनीकडे नाव, नोंदणी आणि थोडी रोकड असते. धंदा मात्र विकत घ्यायचा असतो. स्वतः धंदा न चालवणारी प्रत्येक कंपनी मात्र शेल नसते. मूर्तिजापूरच्या शकुंतला रेल्वेची मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीकडे होती, पण गाड्या चालवल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेने आणि पुढे मध्य रेल्वेने. तरीही ती मालक कंपनी शेल नव्हे: रूळ तिचे होते, उत्पन्नात वाटा होता.

शेल कंपनीला तोही आधार नाही. म्हणून तिच्या हिशेबात पहिला प्रश्न तग धरण्याचा. पुढचे किमान बारा महिने खर्च कसा भागणार हे संचालकांनी तपासायचे, आणि मोठी शंका असेल तर ती टिपेत उघड लिहायची. स्थापनेचा खर्च मालमत्ता म्हणून पुढे ओढता येत नाही. तो त्याच वर्षीच्या नफा-तोट्यात जातो.

खरी गुंतागुंत सौद्याच्या दिवशी होते. भारतीय लेखामानक 103 प्रमाणे वकील, सल्लागार, मूल्यांकन यांचे शुल्क खर्चातच धरतात. कधी मोबदल्यात इतके समभाग दिले जातात, की ताबा विकणाऱ्यांकडेच जातो. मग कागदोपत्री खरेदीदार शेल असली, तरी हिशेबात खरेदीदार ठरते ती धंदेवाली कंपनी, आणि एकत्रित ताळेबंदात तिचेच जुने आकडे पुढे चालू राहतात.