स्लॅबची सळई कोणत्या अंगास असावी?

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील गावोगावची धाब्याची घरे आता मागे पडत असून त्यांच्या जागी सिमेंट काँक्रीटचे स्लॅब येत आहेत. लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर दिलेले धाबे उन्हाळ्यात घर थंड राखी. परंतु असा भार किती घातक ठरतो, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दिसून आले. दगडमातीच्या भिंती व जड माळवदे यांखाली हजारो माणसे दगावली. स्लॅब हलका असतो असे मात्र कोणी समजू नये. १२ फूट लांब व १० फूट रुंद खोलीवरील ५ इंच जाडीच्या स्लॅबचे वजन सुमारे साडेतीन टन भरते. त्यात लोखंड किती घातले याइतकेच ते कोठे घातले यासही महत्त्व आहे.

काँक्रीट हा माणसाने घडविलेला दगडच होय. तो दाब उत्तम सोसतो. ताण सोसण्याची त्याची शक्ती मात्र त्याच्या सुमारे दहावा हिस्सा असते. अकोले तालुक्यातील भंडारदऱ्याचे दगडी धरण १९२६ साली पूर्ण झाले. ते पाण्याचा रेटा स्वतःच्या वजनाने थोपविते. खोलीवर आडव्या पडलेल्या स्लॅबला ही सोय नाही. दोन दगडांवर फळी ठेवून मधोमध माणूस उभा राहिला म्हणजे फळी वाकते; तिचे वरचे अंग दाबले जाते व खालचे ताणले जाते. स्लॅबचे व तुळईचेही तसेच होते. म्हणून मुख्य सळई खालच्या अंगास घालतात. या युक्तीचे एक आरंभीचे पेटंट १८६७ साली फ्रान्समधील मोनिए या माळ्याने घेतले, तेही बागेतील कुंड्यांसाठी!

छज्जाचा प्रकार नेमका उलटा आहे. त्याचे एकच टोक भिंतीत धरलेले असते. फांदीच्या शेंड्याकडे मूल बसले असता फांदीचे वरचे अंग ताणले जाते, तसेच येथेही होते. म्हणून छज्जाची व पुढे काढलेल्या सज्जाची मुख्य सळई वरच्या अंगास हवी, आणि ती मागे स्लॅबात किंवा तुळईत पुरेशी लांब गुंतविलेली हवी. गवंडी सवयीने ती तळाशी मांडतो. बरोबर मांडली तरी माल ओतताना मजूर तिच्यावरून चालतात व सळई पायांखाली दबते. असा छज्जा फळ्या काढताच कोसळू शकतो. यासाठी सळईखाली लोखंडी खुर्च्या ठेवाव्यात व मजुरांना चालण्यास वेगळ्या फळ्या टाकाव्यात.

स्लॅबच्या सळईखाली निदान २० मिलिमीटर काँक्रीट राहिले पाहिजे. त्यासाठी सिमेंटचे ठोकळे वापरावेत. खडीचे तुकडे सरकतात. १ भाग सिमेंट, दीड भाग वाळू व ३ भाग खडी या मिश्रणात ५० किलोच्या पोत्यास ३० लिटरहून अधिक पाणी नसावे, आणि वाळू ओली असल्यास तितके कमी करावे. माल सैल व्हावा म्हणून ओतलेले जादा पाणी पुढे उडून जाते व छिद्रे मागे ठेवते. त्यांतून ओल सळईपर्यंत पोहोचते. गंज लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि आतून काँक्रीट फोडतो.

या जिल्ह्याच्या कोरड्या उन्हाळ्यात स्लॅबवर आळी करून साध्या सिमेंटास किमान १० व राखमिश्रित सिमेंटास १४ दिवस पाणी साठवावे. छज्जाचे टेकू काढताना आरंभ मोकळ्या टोकाकडून करावा व भिंतीकडील टेकू शेवटी काढावेत.