दंत-इम्प्लांटभोवतीची अस्थिझीज आणि आपण

सुश्रुतांनी दातांची गणना रुचकास्थींत केली. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये रुग्णाच्या जबड्यात बसविलेला टायटॅनियमचा स्क्रू मात्र ना अस्थि, ना दंत! पहिल्या वर्षी त्याभोवतीचे हाड थोडे झिजतेच. पुढे वर्षाला ०.२ मि.मी.हून अधिक झीज नसावी, हा १९८६ पासूनचा प्रसिद्ध निकष होय.

हिरडी उचलून शस्त्रकर्म केल्यास हाड स्पष्ट दिसते, परंतु अस्थ्यावरणातून हाडास मिळणारे रक्त काही काळ तुटते. हिरडी न उचलता लहान छिद्रातून केल्यास ते टिकते, वेदनाही कमी. पण हाड दिसत नसल्याने अरुंद जबड्यात ते बाहेरच्या बाजूने फुटण्याचे भय राहते. दोहोंतील झिजेचा फरक बहुतेक अभ्यासांत अल्पच आढळला आहे. ड्रिलची उष्णता, धूम्रपान, अनियंत्रित प्रमेह व पूर्वीचा हिरड्यांचा रोग यांकडे म्हणूनच आम्ही अधिक लक्ष देतो.

रुग्ण आम्हास विचारतात, "कांडवेलीने हे हाड भरून येईल का?" तसे आश्वासन देणे आम्हास मान्य नाही. येथील विकृती सार्वदेहिक अस्थिक्षयापेक्षा दंतवेष्टाशी अधिक जुळते. स्थानिक शोथ व पूय हीच तिची खूण. इम्प्लांटला दंतबंध नसल्याने हाड बरेच झिजेपर्यंत तो हलत नाही, दुखतही नाही. म्हणून रक्त वा पू दिसताच क्ष-किरण चित्रासाठी रुग्णास दंतवैद्याकडे धाडावे. औषधालयचालकांनीही ताज्या व्रणावर घासण्यासाठी खरखरीत मंजन देऊ नये.