विहिरीत तेल दिसत नाही, म्हणून पाणी चांगले?

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील ग्रीनपॉइंट भागात १८६०च्या दशकापासून तेलशुद्धीकरणाचे कारखाने होते. १९५०मध्ये तिथल्या गटारांत स्फोट होऊन रस्त्यांवरची मॅनहोलची झाकणे उडाली. तरीही जमिनीखाली नेमके काय साचले आहे, याचा नीट शोध सुरू व्हायला १९७८ उजाडले. त्या वर्षी तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरमधून शेजारच्या खाडीवर तवंग दिसला. पुढच्या वर्षीच्या पाहणीत सुमारे ५० एकरांखाली १ कोटी ७० लाख गॅलन, म्हणजे जवळपास ६.४ कोटी लिटर तेल असल्याचा अंदाज निघाला. इतके तेल इतकी वर्षे नजरेआड राहू शकते, आणि त्याला काही सोयीचे गैरसमज हातभार लावतात.

“तेल पाण्यावर तरंगते. तवंग नाही, म्हणजे पाणी स्वच्छ.”

पहिले वाक्य खरे आहे, दुसरे घातक. पेट्रोल हे शेकडो संयुगांचे मिश्रण असते. त्यातली बेंझीन, टोल्युइन, झायलीन यांसारखी संयुगे पाण्यात विरघळतात आणि भूजलाबरोबर पुढे सरकतात. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. एवढ्याशा बेंझीनचा नाकाला पत्ताही लागत नाही. त्यामुळे टाकी कारखान्यात गळते आणि कुंपणापलीकडच्या घरातली माणसे बोअरचे नितळ पाणी निर्धास्त पीत राहतात.

“निरीक्षण विहिरीत दोन फूट तेल, म्हणजे जमिनीतही दोन फुटांचा थर.”

या समजामुळे तपासाचे सगळे गणितच चुकते. जमिनीत तेलाला मोकळी जागा नसते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत ते पाणी आणि हवेच्या सोबतीने दाटीवाटीने बसलेले असते. विहिरीचा पाइप मात्र मोकळा, म्हणून त्यात तेल जमून थर जाड दिसतो. त्यात आपल्याकडचा पावसाळा. उन्हाळ्यात पाणीपातळी खाली गेली की पोकळ्यांतले तेल सुटून विहिरीत उतरते. पावसाने पातळी चढली की तेच तेल पाण्याखाली अडकते आणि विहीर निर्दोष दिसू लागते. सप्टेंबरच्या एकाच मोजणीवर ‘तेल आढळले नाही’ असा शेरा मारणे मला अक्षम्य वाटते. निदान मे आणि ऑक्टोबर, अशा दोन्ही टोकांच्या नोंदी हव्यात.

“पाण्याची बाटली भरून लॅबला दिली, की झाली तपासणी.”

पंपातून धो-धो येणारे पाणी प्लॅस्टिकच्या बाटलीत अर्धवट भरले, तर बेंझीन वाटेतच उडून जाते आणि अहवाल खोटा दिलासा देतो. योग्य नमुना ४० मिलिलिटरच्या काचेच्या छोट्या बाटलीत घेतात. जिवाणूंनी नमुना खाऊ नये म्हणून त्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब असतात. पंप अगदी संथ ठेवून, पाणी न खळबळता, काठावर फुगवटा येईपर्यंत भरायचे आणि झाकण लावायचे. मग बाटली उलटी करून बोटाने टिचकी मारायची. हवेचा बुडबुडा वर सरकताना दिसला, तर तो नमुना टाकून नवा घ्यायचा. त्यानंतर बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळा, आणि १४ दिवसांच्या आत विश्लेषण. अहवालातल्या आकड्याइतकीच ही टिचकी महत्त्वाची आहे.

“शेजारची विहीर चांगली निघाली, म्हणजे प्रदूषण पसरलेले नाही.”

भूजल कुठल्या दिशेने वाहते हे कळायला किमान तीन विहिरींमधली पातळी लागते, आणि त्या तीन एका रेषेत असून चालत नाही. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बसाल्टचा. वर मुरूम, खाली कातळ, आणि पाणी वाहते ते भेगांमधून. एका भेगेवरची बोअर दूषित, तर पन्नास फुटांवरची दुसरी स्वच्छ, असे इथे सहज घडते. म्हणून आवाराच्या आतच विहिरी खणून थांबणारा तपास अर्धाच राहतो.

“उपसून काढले की संपले” आणि “जिवाणू खाऊन टाकतील.”

अमेरिकेत मिनेसोटातील बेमिजी गावाजवळ ऑगस्ट १९७९मध्ये कच्च्या तेलाची वाहिनी फुटली आणि सुमारे १७ लाख लिटर तेल सांडले. बरेचसे गोळा केले गेले, तरी सुमारे ४ लाख लिटर जमिनीत उरले. कणांना चिकटलेले तेल पंपाने येत नाही. १९८३पासून तिथे अमेरिकेची भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्था सातत्याने अभ्यास करते आहे. जिवाणू तेल खातात, हे तिथे नि:संशय सिद्ध झाले. आधी ते पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, मग खनिजांतल्या लोहावर काम भागवतात आणि शेवटी मिथेन तयार करतात. त्यामुळेच विरघळलेल्या बेंझीनचा पट्टा भूजलाच्या वेगाने पुढे गेला नाही. पण मूळ तेल चार दशकांनंतरही तिथेच आहे. जिवाणूंवर भिस्त ठेवायचीच, तर ऑक्सिजन, लोह आणि मिथेन वर्षानुवर्षे मोजून ते काम चालू असल्याचे दाखवावे लागते. नुसते गृहीत धरणे म्हणजे हात झटकणे.

“वास येतो, पण आम्ही ते पाणी पीत नाही. मग काय धोका?”

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि विहिरीच्या तळाशी साचते. गाळ काढायला उतरण्याआधी विहिरीत पेटता कंदील सोडून हवा तपासायची जुनी रीत आपल्याकडे आहे. इंधनाचा वास येणाऱ्या विहिरीत हे चुकूनही करू नये. पंपाचे बटणही दाबू नये, कारण ठिणगी तिथेही उडते. माणसांना दूर करावे, अग्निशमन दलाला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवावे आणि वास पहिल्यांदा कधी आला, ती तारीख लिहून ठेवावी. गळती कधीची, हे ठरवताना तपास करणाऱ्याला तीच लागते.