चालींची वही

गेल्या वर्षी एका परिषदेच्या निमित्ताने अमेरिकेत गेलो असता ओहायोमध्ये बहिणीकडे चार दिवस मुक्काम होता. माझा भाचा तेथे महाविद्यालयात शिकतो. एका संध्याकाळी तो दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर तासभर बसलेला दिसला. पडद्यावर महाविद्यालयीन फुटबॉलचा व्हिडिओ गेम होता, पण तो खेळत मात्र नव्हता. एका लांबलचक यादीतील नावे तो एकामागून एक वाचत होता आणि बरीचशी काढून टाकत होता.

"खेळत का नाहीस?" मी विचारले.

"मामा, आधी प्लेबुक लावतोय."

"मग एवढ्या चाली आहेत तर काढून का टाकतोस? असू देत की!"

"सगळ्या ठेवल्या तर ऐन वेळी हवी ती सापडत नाही."

त्याचे उत्तर व्यवहारी होते. पण नेमक्या कोणत्या चाली काढायच्या, हे तो कशावरून ठरवत होता? हा प्रश्न गणिताचा आहे, आणि तो आठवी-नववीच्या वर्गातही सोडवता येईल असा आहे.

खेळ कसा चालतो?

आपल्याकडे ज्याला फुटबॉल म्हणतात त्यापेक्षा हा खेळ निराळा. प्रत्येक संघात ११ खेळाडू असतात. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत १० यार्ड, म्हणजे ९ मीटरहून थोडे अधिक, पुढे सरकावे लागते. ते जमले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाआधी खेळ थांबतो आणि कोणी कोठे उभे राहायचे, कोठे धावायचे, चेंडू कोणाकडे द्यायचा हे आधीच ठरवले जाते. या ठरवलेल्या योजनेला आपण 'चाल' म्हणू, आणि संघाच्या सर्व चालींच्या संग्रहाला 'चालींची वही'. इंग्रजीत तिलाच प्लेबुक म्हणतात. एक चाल संपल्यापासून पुढची सुरू करायला साधारणपणे ४० सेकंद मिळतात. ईए स्पोर्ट्स कंपनीच्या या खेळात निरनिराळ्या विद्यापीठांच्या संघांच्या वह्या तयार मिळतात. शिवाय त्यांत भर घालून किंवा काटछाट करून आपली स्वतःची वहीही बनवता येते. भाचा तेच करत होता.

चाली किती?

अकरा खेळाडूंपैकी पाच जण चढाईच्या रांगेत मधोमध उभे राहून प्रतिस्पर्ध्याला अडवतात. एक क्वार्टरबॅक चेंडू हाती घेऊन चाल सुरू करतो. उरले पाच. ते तीन प्रकारचे असू शकतात : चेंडू घेऊन धावणारे, रांगेच्या टोकाला राहून अडवणारे आणि झेलणारेही, व दूर पसरून फक्त झेलणारे. पाच जणांची या तीन प्रकारांत वाटणी किती तऱ्हांनी होईल? फळ्यावर पाच टिंबे काढा आणि त्यांच्या मध्ये दोन उभ्या रेघा ठेवा. पहिल्या रेघेच्या डावीकडे पहिला प्रकार, दोन रेघांमध्ये दुसरा, उजवीकडे तिसरा. एकूण सात जागांपैकी रेघांसाठी दोन निवडायच्या, म्हणजे ७ × ६ ÷ २ = २१ तऱ्हा.

प्रशिक्षक या तऱ्हांना दोन आकडी नावे देतात. '११' म्हणजे एक धावणारा आणि एक टोकाचा. तिसऱ्या प्रकारचे तीन, हे सांगावेच लागत नाही, कारण बेरीज पाचच असते. मोजक्या सेकंदांत बोलायचे असेल तर अनावश्यक आकडा गाळणे किती उपयोगाचे, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

आता झेलणाऱ्याने कोणत्या वाटेने धावायचे? प्रचलित पद्धतीत या वाटांना १ ते ९ असे क्रमांक देतात. समजा, पाचही जणांना नऊपैकी कोणतीही वाट घेता येते. मग ९ × ९ × ९ × ९ × ९ = ५९,०४९ शक्यता झाल्या. त्यांना २१ ने गुणले की १२,४०,०२९. हे गणित ढोबळ आहे. कोण कोठे उभा राहतो, चेंडू फेकायचा की घेऊन धावायचे, हे आपण मोजलेलेच नाही. तरीही प्रत्येक शक्यतेचा एकेक मिनिट सराव करायचा म्हटले तर रात्रंदिवस ८६१ दिवस लागतील! म्हणून वही म्हणजे निवड, आणि निवड म्हणजे बरेच काही सोडून देणे.

काय ठेवायचे, काय सोडायचे?

समजा, आपल्याकडे दोनच चाली आहेत : धाव आणि फेक. बचाव करणारा संघही एक तर धावेची तयारी ठेवतो किंवा फेकीची. उदाहरणापुरते काही आकडे घेऊ. बचाव धावेसाठी सज्ज असेल तर धावेने सरासरी ३ यार्ड मिळतात, फेकीसाठी सज्ज असेल तर ६. उलट, बचाव धावेसाठी सज्ज असताना फेक केली तर ९ यार्ड, आणि फेकीसाठी सज्ज असताना केली तर ० मिळतात.

सतत धावच खेळलो तर बचावाला ते कळते, आणि पदरात ३ च पडतात. सतत फेक केली तर शून्य. आता दर चार चालींत सरासरी तीन धावा आणि एक फेक असे मिश्रण करू, पण क्रम मुळीच ओळखता येणार नाही असा ठेवू. बचाव धावेसाठी सज्ज असेल तर सरासरी (३ × ३ + ९) ÷ ४ = ४.५ यार्ड. फेकीसाठी सज्ज असेल तर (३ × ६ + ०) ÷ ४ = ४.५ च. बचावाने काहीही केले तरी ४.५! जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ साली सिद्ध केलेल्या प्रमेयाचे हे छोटे रूप आहे. ज्या दोघांच्या खेळात एकाचा लाभ तोच दुसऱ्याचा तोटा असतो आणि प्रत्येकापुढे मोजकेच पर्याय असतात, तेथे असे खात्रीचे मिश्रण नेहमीच असते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. फेक चारांत एकदाच वापरली जाते. 'क्वचित वापरली जाते, मग काढा' असे म्हटले तर मिळकत ४.५ वरून ३ वर येते. कमी वापरली जाणारी गोष्ट निरुपयोगी असतेच असे नाही. ती आहे म्हणूनच दुसरी गोष्ट चालते.

मग काढायचे काय? समजा, तिसरी चाल २ आणि ५ यार्ड देते. धाव दोन्ही परिस्थितींत तिच्याहून सरस आहे, म्हणून ती सरळ काढा. आता चौथी चाल पाहू. ती दोन्ही परिस्थितींत ४ देते. तिला धाव एकटी हरवू शकत नाही, कारण ४ हे ३ पेक्षा जास्त आहेत. फेकही एकटी हरवू शकत नाही, कारण ४ हे शून्यापेक्षा जास्त आहेत. पण दोघींचे मिश्रण दोन्हीकडे ४.५ देते. म्हणजे सरासरीचाच विचार केला तर हीही चाल गाळता येते. एकेक चाल सुटी तपासून हे कधीच कळले नसते. शेवटच्या प्रयत्नात नेमके तीनच यार्ड हवे असतील तर मात्र हीच चाल हुकमी ठरेल. काय गाळायचे हे उद्दिष्टावर ठरते.

खेळ बनवणाऱ्यांची वही

हीच अडचण खेळ तयार करणाऱ्यांपुढेही असते. महाविद्यालयीन हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो, त्याआधी खेळ बाजारात यायला हवा. खेळणाऱ्यांच्या मागण्या अनेक : स्वतःची वही, स्वतःचा संघ घडवण्याची सोय, दूरच्या मित्रांशी खेळण्याची सोय. मतदान घेऊन अग्रक्रम ठरवावा म्हटले तर तेही वाटते तितके सोपे नाही. समजा, सारख्याच संख्येचे तीन गट आहेत. पहिल्याचा क्रम वही, संघ, मित्र. दुसऱ्याचा संघ, मित्र, वही. तिसऱ्याचा मित्र, वही, संघ. आता मोजा. दोन गटांना संघापेक्षा वही प्रिय, दोन गटांना मित्रांपेक्षा संघ प्रिय, आणि दोन गटांना वहीपेक्षा मित्र प्रिय! बहुमत गोल फिरते आणि पहिला क्रमांक कोणालाच देता येत नाही. फ्रेंच गणिती काँदोर्से यांनी १७८५ साली हा पेच दाखवून दिला होता.

मात्र या खेळाच्या इतिहासात सर्वांत मोठा प्रश्न अशा कोणत्याही यादीत नव्हता. जुन्या आवृत्त्यांत खेळाडूंची नावे नसत. पण गणवेशाचा क्रमांक, जागा, उंची खऱ्या विद्यार्थी-खेळाडूंशी जुळत असे. त्या खेळाडूंना मोबदला मात्र काहीच नव्हता, कारण एनसीएए या संघटनेच्या नियमांनुसार तो घेणेच निषिद्ध होते. २००९ साली सॅम केलर या माजी क्वार्टरबॅकने आणि एड ओबॅनन या माजी बास्केटबॉलपटूने न्यायालयात धाव घेतली. २०१३ च्या आवृत्तीनंतर खेळ बंद पडला. २०२१ साली नियम बदलले आणि विद्यार्थी-खेळाडूंना आपल्या नावाचा व चेहऱ्याचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली. जुलै २०२४ मध्ये १३४ संघांसह खेळ परत आला, तेव्हा त्यात आपले नाव व रूप वापरू देणाऱ्या प्रत्येक खेळाडूला ६०० डॉलर आणि खेळाची एक प्रत देऊ करण्यात आली. दहा हजारांहून अधिक जणांनी होकार दिला.

अकरा वर्षे खेळ बंद राहिला, तो गणित चुकले म्हणून नव्हे. यादी करताना फक्त विकत घेणाऱ्यांना विचारले गेले. ज्यांच्यावर खेळ उभा होता त्यांना विचारलेच गेले नाही. अग्रक्रम लावण्याच्या रीती कितीही चोख असल्या, तरी यादी कोणाला विचारून केली हा प्रश्न त्यांच्या आधी येतो.

वर्गात हे उदाहरण घेतलेत तर शेवटी एक कोडे जरूर घाला. सरावाने फेक सुधारली आणि ९ ऐवजी १२ यार्ड मिळू लागले, बाकीचे आकडे तेच राहिले. आता फेक जास्त वेळा करावी की कमी? बहुतेक मुले 'जास्त' म्हणतील. गणित सांगते, चारांत एकदा नव्हे, पाचांत एकदा. सरासरी मात्र ४.८ वर जाते. भाच्यालाही पटले नव्हते. त्याने कागद घेतला, दोन ओळी मांडल्या आणि मग बराच वेळ गप्प बसला.