हात हलला, पण कशासाठी?

2019 च्या ऑक्टोबरमध्ये गूगलचा ‘पिक्सेल 4’ बाजारात आला, पण भारतात आलाच नाही. त्याच्या पडद्याच्या वर ‘सोली’ नावाचा चिमुकला रडार बसवला होता. तो 60 गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालायचा आणि त्या लहरी अशा वापरासाठी आपल्याकडे खुल्या नव्हत्या. या रडारचं एक काम म्हणजे फोनवरून हात फिरवला की पुढचं गाणं लावायचं.

या लहरींची लांबी जेमतेम 5 मिलिमीटर. त्यामुळे बोटांची बारीक हालचालही परतणाऱ्या लहरीत उमटते. अंधार असला तरी बिघडत नाही. त्याआधी 2007 साली सोनी एरिक्सनच्या डब्ल्यू910 मध्ये फोन झटकून गाणं बदलता येत होतं, तर 2013 च्या गॅलक्सी एस4 मध्ये ते काम इन्फ्रारेड सेन्सर करायचा.

मात्र, हात न लावता सूर हलवण्याची खरी कमाल शंभर वर्षं जुनी आहे. रशियन संशोधक लेव्ह तेरमेन यांच्या ‘थेरेमिन’ या वाद्याला दोन अँटेना असतात. उजवा हात उभ्या अँटेनाजवळ नेला की सूर चढतो, डावा हात आडव्या वेटोळ्यापासून वर उचलला की आवाज वाढतो. हात जवळ येताच विद्युत मंडलाची धारकता बदलते. आत उच्च वारंवारतेची दोन कंपनं चालू असतात आणि त्यांच्या वारंवारतेतला फरक आपल्याला सूर म्हणून ऐकू येतो. हाताचा किंचित कंपही इथे लपत नाही. क्लारा रॉकमोर मुळात व्हायोलिनवादक, पण हाताच्या दुखण्याने व्हायोलिन सुटलं आणि त्यांनी थेरेमिनवर असामान्य प्रभुत्व मिळवलं.

फोनची अडचण नेमकी उलटी आहे. थेरेमिनला प्रत्येक हालचाल हवी असते, फोनला मात्र बहुतेक हालचाली सोडून द्याव्या लागतात. गाणं ऐकताना हात स्वस्थ कुठे असतात? तीनतालात नवव्या मात्रेला खाली दाखवताना आपण टाळी न देता हात हवेत बाजूला नेतो. रडारला तो ‘पुढचं गाणं लाव’ असा हुकूम वाटू शकतो आणि ऐन रंगात आलेला ख्याल तुटू शकतो. हालचाल ओळखणं यंत्राला जमू लागलं आहे, हेतू ओळखणं फार अवघड आहे.

म्हणून मला बीएमडब्ल्यूने 2015 च्या ‘7 सीरिज’मध्ये दिलेली सोय अधिक शहाणपणाची वाटते. छताकडचा कॅमेरा बोट पाहतो आणि बोट गोल फिरवलं की आवाज कमी-जास्त होतो. असं गोल बोट सहजासहजी फिरत नाही, शिवाय आवाज बदलताना लगेच ऐकू येतो, त्यामुळे चूक झाली तरी तिथल्या तिथे सावरता येते. एका फटक्यात गाणं बदलणाऱ्या खुणेला ही सवलत नसते. ‘पिक्सेल 4’नंतर पुढच्याच वर्षी आलेल्या ‘पिक्सेल 5’ मध्ये तर गूगलने रडार ठेवला नाही.