परदेशी सहलीला निघण्यापूर्वी



परीक्षा संपत आल्या, की घरोघरी सुटीचे बेत सुरू होतात. पूर्वी हे बेत मामाच्या गावापर्यंत, फार तर महाबळेश्वरापर्यंत जात. आता तालुक्याच्या गावांतूनही कुटुंबेच्या कुटुंबे थायलंड, सिंगापूर, नेपाळ पाहायला निघतात. चांगली गोष्ट आहे. मात्र तिकीट हाती आले म्हणजे परदेशाचे दार उघडले, असा एक समज आपल्यात आहे. तो किती महाग पडतो, हे मी जवळून पाहिले आहे.

माझ्या एका सहकाऱ्याने २०२४ च्या मे महिन्यात थायलंडची सहल ठरवली. आईवडील, पत्नी, दोन मुले आणि ते स्वतः, अशी सहा माणसे. त्या वेळी थायलंडला जाण्यासाठी भारतीयांना व्हिसा, म्हणजे प्रवेशाची आगाऊ परवानगी, लागत नव्हती. त्यामुळे निघण्यापूर्वी कागद कोणी पाहिलेच नाहीत. रात्री मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या माणसाने धाकट्या मुलीचा पासपोर्ट उघडला आणि बाजूला ठेवला. त्याची मुदत सप्टेंबरात संपत होती. आत शिरताना पासपोर्टला निदान सहा महिने शिल्लक हवेत, आणि इथे चारच होते. पाच जण जाऊ शकत होते. पण आजी म्हणाली, “पोरीला मागं ठेवून मी नाही जायची.” सहाही माणसे बॅगांसकट गावी परतली. वर्षभर साठवलेले पैसे गेले, ते गेलेच.

आता यात चुकले कोठे, ते पाहू या. मोठ्या माणसाचा पासपोर्ट १० वर्षांचा असतो, लहान मुलाचा ५ वर्षांचाच. आपण बापाच्या पासपोर्टावरची तारीख पाहतो आणि सगळ्यांचे तसेच असेल असे धरून चालतो. वास्तविक घरात सगळ्यांत आधी मुदत संपते ती पोरांची. म्हणून पहिला नियम असा, की कागद कुटुंबाचे म्हणून पाहू नयेत, एकेका माणसाचे पाहावेत.

सहा महिन्यांची ही अट कशाला, असे कोणी विचारील. पाहुणा आजारी पडला, काही कारणाने अडकला, तरी मायदेशी परतण्यापुरता त्याचा पासपोर्ट जिवंत असावा, हा त्यामागचा हेतू. काही देश ही मुदत प्रवेशाच्या दिवसापासून मोजतात, काही परत निघण्याच्या दिवसापासून. आपण परतीच्या दिवसापासूनच मोजावी. समजा, १८ मे ला परत यायचे आहे, तर पासपोर्ट १८ नोव्हेंबरनंतरही चालणारा हवा. कमी पडत असेल, तर नवा काढून घ्यावा. मुदत संपत आलेला पासपोर्ट वाढवून मिळत नाही. त्यासाठी आता दरवेळी मोठ्या शहरीच जावे लागते असेही नाही. २०१७ पासून बऱ्याच जिल्ह्यांतल्या टपाल कचेऱ्यांतही पासपोर्टची केंद्रे निघाली आहेत. फक्त पोलीस तपासणीला वेळ लागतो, तो हिशेबात धरावा.

काउंटरवरचा माणूस आडमुठा होता, असे आमचे सहकारी पुष्कळ दिवस म्हणत असत. तसे नव्हते. परक्या देशाने पाहुण्याला दारातून परत लोटले, तर त्याला माघारी आणण्याचा भार त्याच विमान कंपनीवर पडतो, वर दंडही होतो. म्हणून कंपनीची माणसे प्रत्येक देशाचे नियम तपासून मगच आत सोडतात. तिथे विनवण्यांचा उपयोग नाही.

दुसरी गोष्ट नावाची. आपल्याकडे लग्नानंतर बाईचे नाव बदलते, आडनाव बदलते. पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि तिकीट सासरच्या नावाचे, असा घोळ होतो. पासपोर्टावर जसे छापले आहे, अक्षरन्‌अक्षर तसेच तिकिटावर हवे. मूल एकट्या आईबरोबर किंवा आजोबांबरोबर जात असेल, तर काही देश जन्माचा दाखला किंवा पालकाचे संमतिपत्रही मागतात.

तिसरी गोष्ट येतानाच्या दाराची. ती पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. केनियातले सिंह-हत्ती पाहायला आपली माणसे जातात. त्या भागात पीतज्वर नावाचा डासांपासून होणारा रोग आहे. तो आपल्याकडे नाही. पण तो पसरवू शकणारे डास आपल्याकडे आहेत. म्हणून तिकडून परतणाऱ्याकडे आपलेच सरकार लसीचा दाखला मागते. तो नसेल, तर माणसाला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि दाखला टोचल्यापासून १० दिवसांनी लागू होतो. आदल्या दिवशी टोचून भागत नाही. एकदा घेतलेली लस मात्र २०१६ पासून जन्मभर ग्राह्य धरतात.

नेपाळचे वेगळे. पशुपतिनाथाला जायला भारतीयांना व्हिसा नको. तरीही विमानाने जाणाऱ्या मोठ्या माणसाकडे पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे ओळखपत्र हवे. आधार कार्ड चालते ते १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ वर्षांवरच्या वडीलधाऱ्यांना. १५ ते १८ वयाच्या मुलामुलींना मुख्याध्यापकांनी ठरलेल्या नमुन्यात दिलेला ओळखीचा दाखला चालतो. शिक्षक बंधुभगिनींनी हे ध्यानात ठेवावे. तुमच्या सही-शिक्क्याने एखाद्या मुलाची यात्रा घडू शकते.

आता कोणी म्हणेल, “आमचे शेजारी दोन वर्षांपूर्वी जाऊन आले, त्यांना विचारले की झाले.” तसे करू नका. थायलंडचेच पाहा. १० नोव्हेंबर २०२३ पासून त्यांनी भारतीयांना ३० दिवस व्हिसाविना राहू दिले. १५ जुलै २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांची केली. १ मे २०२५ पासून पोहोचण्याआधी स्वतःची माहिती संगणकावर भरून देण्याची अट आली. दीड वर्षात तीन बदल! म्हणून नियम पाहायचा तो त्या देशाच्या वकिलातीच्या किंवा सरकारच्या स्वतःच्या संकेतस्थळावर. एकदा तिकीट काढण्यापूर्वी आणि पुन्हा एकदा निघण्याच्या आठवड्यात. सरकारी दिसणारी, पण खासगी माणसांनी मांडलेली संकेतस्थळे पुष्कळ असतात. सिंगापूरचे आगमनाचे पत्रक फुकट भरता येते, तरी त्याचे पैसे घेणारे भेटतात. आणि ते पत्रक म्हणजे व्हिसा नव्हे. सिंगापूरसाठी भारतीयांना व्हिसा वेगळा काढावा लागतो.

तेव्हा मंडळी, एवढे करा. तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वी एका संध्याकाळी घरातले सगळे पासपोर्ट समोर मांडा. वहीच्या एका पानावर प्रत्येकाचे नाव लिहा. पुढे चार रकाने आखा: मुदत, नावाची जुळणी, व्हिसा, लस. हे काम घरातल्या सातवी-आठवीतल्या मुलाकडे द्या. तारखांची वजाबाकी तो तुमच्याहून चोख करील. जो रकाना रिकामा राहील, तो भरल्यावाचून तिकीट काढू नका.

आमच्या सहकाऱ्यांनी पुढच्या वर्षी असे पान आखले. मुलीचा नवा पासपोर्ट सगळ्यांत आधी काढला, आणि नातीचा हात धरून आजीने समुद्र ओलांडला.