फिल्टरची कँडल: हळू चालली तर घासा, अचानक जोरात चालली तर तपासा

करमाळा तालुक्यात पावसाळ्यात पाणी गढूळ होतं, उन्हाळ्यात टँकर नाहीतर बोअरवर भागवावं लागतं. पाण्याच्या अशा ओढाताणीत आरओमधून वाया जाणारं पाणी परवडत नाही. म्हणून आपल्या बऱ्याच घरांत अजून पांढऱ्या कँडलचा स्टीलचा फिल्टर आहे. तो चांगलाच आहे, पण कँडलची निगा राखली तर.

कँडल काय अडवते, काय नाही?

कँडल म्हणजे भाजलेली सच्छिद्र माती. तिची बहुतेक छिद्रं मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून बारीक असतात. त्यामुळे गाळ आणि बहुतेक जिवाणू बाहेरच अडकतात. लुई पाश्चर यांचे सहकारी चार्ल्स चेंबरलँड यांनी १८८४ मध्ये अशीच चिनीमातीची गाळणी बनवली. पण १८९२ मध्ये रशियाचे इव्हानोव्स्की यांना दिसलं, की तंबाखूच्या पानांवरच्या रोगाचं कारण त्या गाळणीतूनही पार जातं. पुढे त्यालाच विषाणू म्हणू लागले. दूषित पाण्यातून होणारी कावीळही विषाणूंचीच. तिचा भरवसा कँडलवर ठेवू नये. बोअरच्या पाण्यातले विरघळलेले क्षारही कँडल काढत नाही.

निगा कशी राखायची?

पाणी आधी फडक्याने गाळावं. फारच गढूळ असेल तर तुरटी फिरवून निवळू द्यावं आणि वरचं पाणी ओतावं.

धार मंदावली की कँडल काढून वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशने घासावी. साबण, राख, तारेची घासणी नको. साबण छिद्रांत बसतो, तार माती खरवडते. उगाच रोज घासू नये; प्रत्येक घासणीला कँडल थोडी झिजते. हात आधी धुवावेत. खालच्या नळीत घाण पाणी जाऊ देऊ नये, कारण ती कँडलची स्वच्छ बाजू आहे. उकळण्याबद्दल कंपनीच्या कागदावर पाहावं. आत कोळसा असेल तर उकळू नये. नट हातानेच आवळावा, पकडीने तडा जातो. पहिलं भांडंभर पाणी झाडांना घालावं.

खरा धोका कुठे?

तुंबलेली कँडल कळते, तडा गेलेली कळत नाही. उलट पाणी भराभर येतं म्हणून आपण खूश होतो! शंका आली तर भिजलेली कँडल पाण्यात बुडवून, नळीला स्वच्छ रबरी नळी लावून हलकेच फुंकावं. एकाच जागेवरून बुडबुड्यांची रांग निघाली, तर कँडल बदलावी. तडा चिकटवून चालत नाही. वायसर सैल असला तरी कच्चं पाणी खाली उतरतं, तोही पाहावा.

काविळीची साथ असेल तेव्हा गाळलेलं पाणी उकळूनच प्यावं. घरात गरोदर बाई असेल तर यात अजिबात हयगय नको, कारण ई प्रकारची कावीळ तिच्या जिवावर बेतू शकते.